इंग्लंडमधलं जुनं ‘कंट्री हाउस’ आणि त्याची बाग कशी बघावी

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत उमरावांनी आणि बड्या सावकारांनी बांधलेली जुनी घरं, म्हणजे ‘कंट्री हाउस’, शेकडोंनी आहेत. बहुतेक पाहुणे दालनांमागून दालनं पालथी घालतात, डोकं भणभणलं की बागेत येऊन बाकावर बसतात आणि परततात. पण ही घरं आणि बागा ठरावीक वाटेनं बघण्यासाठीच आखल्या होत्या. ती वाट धरली की निम्मं काम झालं.

१. घर निवडा, एका दिवसाला एकच. कितीतरी घरं १८९५ साली स्थापन झालेल्या, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत; डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थसारख्या काहींचा कारभार वेगळा आहे. ट्रस्टचं सभासदत्व तिथे चालत नाही. वेळा बघताना बागेची आणि घराची वेळ वेगवेगळी बघा, कारण हिवाळ्यात बाग उघडी आणि घर बंद असं अनेकदा असतं. शेवटचा प्रवेशही बंद होण्याच्या बराच आधी असतो.

पहिल्यांदाच जात असाल, तर मी विल्टशरमधलं स्टाउरहेड सुचवेन. पुढची उदाहरणं बरीचशी तिथलीच.

२. पोहोचायचं कसं ते आधी ठरवा. ही घरं मुद्दाम आडबाजूला बांधलेली आहेत. स्टाउरहेडसाठी जवळचं स्टेशन गिलिंगम, तिथून साधारण दहा किलोमीटर. इथे एक गंमत आहे: याच स्पेलिंगचं दुसरं स्टेशन केंटमध्ये आहे, त्याचा उच्चार ‘जिलिंगम’. तिकीट डॉर्सेटमधल्या गिलिंगमचंच काढा. रविवारी खेड्यातल्या बसच्या भरवशावर राहू नका.

३. तिकीट खिडकीवर ‘गिफ्ट एड’ विचारतील. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी ती सवलत आहे. त्यामुळे संस्थेला देणगीवरचा कर परत मिळतो. तुम्ही तिथे कर भरत नसाल तर सरळ ‘नाही’ म्हणा.

४. घरात शिरल्यावर. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगतील, टोकदार टाचांचे बूट चालणार नाहीत आणि फ्लॅश बंद. अंधार वाटला तर कुरकुर करू नका. उजेडानं पडदे, गालिचे आणि जुने रंग विटतात, म्हणून खिडक्या झाकलेल्या असतात. खुर्चीवर पाइनचं बोंड ठेवलेलं दिसलं तर समजा, तिथे बसायचं नाही.

मोठ्या घरांत दालनांची दारं कधीकधी एका रेषेत असतात. पाहुण्याचा मान जितका मोठा, तितका तो आत जाऊ शकायचा. पहिल्या दारात उभं राहून शेवटच्या दारापर्यंत नजर टाका आणि आपण कुठवर पोहोचलो असतो, हा विचार करा. मग नोकरांचा जिना शोधा. स्वयंपाकघर, बोलावण्याच्या घंटांची रांग, धुणीघर हे सगळं मला दिवाणखान्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. दालनात उभे असलेले स्वयंसेवक बरंच काही जाणतात. ‘इथलं काही सांगा’ न म्हणता एखादी वस्तू दाखवून तिच्याबद्दल विचारा.

५. बागेत उतरा, दिशा सांभाळून. स्टाउरहेडची बाग हेन्री होर या सावकार घराण्यातल्या माणसानं १७४०च्या दशकापासून आखली; बांध घालून तळं केलं, काठाला देवळं उभारली. गावाच्या बाजूनं शिरलात तर पूल आणि पलीकडचं पॅन्थिऑन (रोमच्या देवळाच्या धर्तीवरचं घुमटाचं देऊळ) हे प्रसिद्ध दृश्य पहिल्याच मिनिटाला उरकतं. त्यापेक्षा घराकडून झाडीतून खाली या आणि तळं उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरा. वाटेत दगडी गुहा लागते, तिच्या भगदाडातून पाणी चौकटीत बसवल्यासारखं दिसतं. मग पॅन्थिऑन, मग चढावरचं अपोलोचं देऊळ. तिथून खाली बघताना सगळी फेरी एका नजरेत येते. मे-जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन, ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग. मी ऑक्टोबर निवडेन.

इतर बागांत, विशेषतः केपेबिलिटी ब्राउन (१७१६–१७८३) या बागा आखणाऱ्याच्या धाटणीच्या, घरासमोरची हिरवळ थेट गुरं चरतात तिथवर सलग दिसते. चालत पुढे गेलात की अचानक खंदक आणि आतून बांधलेली भिंत लागते. यालाच ‘हा-हा’ म्हणतात. गुरं अडतात, नजर अडत नाही. मुलांचा हात मात्र धरून ठेवा.

६. शेवटी चहा. स्कोनवर (चहासोबतचा छोटा गोडसर पाव) डेव्हनमध्ये आधी साय, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, यावरून तिकडे हमरीतुमरी चालते. स्टाउरहेड विल्टशरमध्ये आहे, तिथे वाट्टेल ते आधी लावा.