रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथमच उभे राहणाऱ्या अध्यापन सहायकांसाठी

एम.एस्सी. करत असताना किंवा ती पूर्ण होताच तासिका तत्त्वावर पहिल्यांदा प्रॅक्टिकल घेणाऱ्या तरुण सहायकाला सर्वांत मोठी भीती वाटते ती ही, की विद्यार्थ्याने काही विचारले आणि आपल्याला उत्तर आले नाही तर काय. ही भीती अनाठायी आहे. उत्तर पुस्तकात सापडते किंवा शेजारच्या खोलीत बसलेल्या ज्येष्ठ अध्यापकांना विचारता येते. विद्यार्थ्याचा हात ब्युरेटच्या (थेंब थेंब द्रावण सोडण्याच्या, मापखुणा असलेल्या उभ्या नळीच्या) तोटीवर कसा आहे, हे मात्र त्याच्या टेबलापाशी उभे राहूनच दिसते आणि सहायकाची खरी नेमणूक तेवढ्यासाठीच असते.

तयारीची सुरुवात आदल्या दिवशी करावी. जो प्रयोग घ्यायचा तो स्वतः, त्याच प्रयोगशाळेत आणि विद्यार्थ्यांना मिळणार असलेल्याच बाटल्यांतील द्रावणे वापरून, एकदा पूर्ण करावा. आपण तो पदवीच्या वर्षांत दहा वेळा केला आहे, हे कारण पुरेसे नाही, कारण कोकणातील हवा पुस्तकातल्या हवेसारखी वागत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सत्र सुरू होते तेही याच दिवसांत. अशा हवेत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजनकाट्यावर ठेवेपर्यंत ओलसर होतात, कॅल्शियम क्लोराइडला पाणी सुटते आणि डेसिकेटरमधील (रसायने कोरडी ठेवण्याच्या झाकणबंद भांड्यातील) ओल शोषणारे निळे सिलिका जेल केव्हा गुलाबी झाले ते कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टार्चचे द्रावण कालचे असेल तर आज ते वापरू नये. मोहरच्या क्षाराची (फेरस अमोनियम सल्फेटची) बाटली उघडल्यावर फिकट हिरव्या स्फटिकांवर पिवळसर छटा दिसली, तर फेरसचे फेरिक होऊ लागले आहे असे समजून नवी बाटली मागावी.

याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्याच वर्षी, ऐन जुलैत, मी 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड तोलून एक लिटर द्रावण केले, बाटलीवर 0.1 नॉर्मल (नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावणाच्या संहतीचे माप) असे लिहिले आणि ते प्रमाणित न करताच, म्हणजे नेमकी संहती ठाऊक असलेल्या द्रावणाशी ताडून न पाहताच, अठरा जणांच्या बॅचला दिले. 0.1 नॉर्मल आम्लाचे 10 मिलिलिटर घेतल्यावर रीडिंग दहाच्या आसपास यायला हवे होते. एका मुलीचे तिन्ही वेळा 11.2 आले. मी तिला पिपेट नीट धरण्यावर चार शब्द सुनावले आणि पुन्हा करायला लावले, चौथ्यांदाही 11.2 च आले. संध्याकाळी ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाने तपासले, तेव्हा बाटलीतील द्रावण 0.0893 नॉर्मल निघाले. तिचे बरोबर होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की त्याच बाटलीतून द्रावण घेतलेल्या सहा जणांच्या वहीत सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारे रीडिंग) म्हणून 10.0 लिहिलेले होते आणि मी त्यावर समाधानाने सही केली होती.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो आणि नव्या सहायकांनाही तेच सांगतो. पहिला असा, की सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण त्या आठवड्यात ऑक्झॅलिक आम्लाने प्रमाणित केल्याशिवाय टेबलावर ठेवायचे नाही. त्यासाठी 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये 1.576 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल घेतले की 0.1 नॉर्मल द्रावण मिळते. दुसरा असा, की बाटलीवर खरी नॉर्मॅलिटी लिहायची नाही. अपेक्षित उत्तर ठाऊक नसले की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवण्याचा मोह आपोआप कमी होतो. हे विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून नव्हे, तर कारण सांगून करावे. यातील कित्येक जण पुढे लोटे-परशुराम किंवा महाडच्या रासायनिक कारखान्यांत क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) लागतात आणि तेथे त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर मालाची अख्खी बॅच पास किंवा नापास होते.

रीडिंग खोटे लिहिण्यामागे नेहमीच आळस असतो असे नाही. दुपारी दोन ते पाचच्या बॅचमध्ये साडेचारनंतर अर्ध्या वर्गाचे लक्ष खिडकीबाहेर असते, कारण गावाकडची शेवटची एस.टी. चुकली तर घरी पोहोचण्याची सोय नसते. म्हणून सगळे ओले काम चारपर्यंत संपेल अशी आखणी करावी, गणित आणि आलेख घरी करू द्यावेत, पण निरीक्षणे मात्र पेनने, जागेवरच, थेट वहीत लिहून घ्यावीत.

टेबलांमधून फिरताना उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारावा. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचा प्रयोग याचा चांगला नमुना आहे. फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकण्याऐवजी तपकिरी गढूळपणा आला, की विद्यार्थी गोंधळून हाक मारतो. अशा वेळी “विरल सल्फ्युरिक आम्ल किती घातलेस?” एवढेच विचारावे, कारण आम्ल कमी पडले की मँगनीज डायऑक्साइड तयार होतो, हे त्याने वाचलेले असते, फक्त त्या क्षणी आठवत नाही. पहिल्या थेंबांचा रंगच जात नसेल, तर फ्लास्क 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला होता का, हे विचारावे. द्रावण गडद असल्यामुळे येथे ब्युरेटमधील वरची कड वाचायची असते. ही गोष्ट मात्र न विचारता, सुरुवातीलाच फळ्यावर काढून दाखवावी. क्षारांच्या गुणात्मक विश्लेषणात सगळ्यांचाच क्लोराइड येऊ लागला, तर आधी टेस्ट ट्यूब कशाने विसळल्या ते पाहावे. खाडीकाठच्या विहिरीच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून क्लोराइडचा पांढरा गढूळपणा दाखवला, की डिस्टिल्ड वॉटरचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भाषेचाही थोडा विचार हवा. बहुतेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात आणि पदवीला एकदम इंग्रजीत येतात. बोलण्यात आपण ‘स्ट्राँग’ आणि ‘कॉन्सन्ट्रेटेड’ दोन्हींसाठी ‘कडक’ म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळा तेथेच होतो. शाळेच्या पुस्तकातील तीव्र-सौम्य आणि संहत-विरल या जोड्या त्यांना आठवून द्याव्यात. ग्लेशियल अॅसेटिक आम्ल संहत असूनही सौम्य असते, हे उदाहरण एकदा दिले की पुरते. कोणी मालवणीत शंका विचारली तर तिचे उत्तर मालवणीत द्यायला काहीच हरकत नाही, संज्ञा तेवढ्या नेमक्या ठेवाव्यात.

सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लावलेले असतातच. येथील पावसाळ्यात त्यांत काही भर घालावी लागते. उघड्या प्लास्टिकच्या चपला घालून आलेल्या विद्यार्थ्याला आम्लाच्या टेबलाजवळ उभे करू नये. त्याला पायात बदलण्यासाठी जुने बूट प्रयोगशाळेतच ठेवायला सांगावे. ओल्या छत्र्या दाराबाहेर ठेवाव्यात. वीज गेली की एक्झॉस्ट फॅन बंद पडतो, म्हणून हायड्रोजन सल्फाइड, ब्रोमीन किंवा ईथरचे काम त्याच क्षणी थांबवावे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येईनासा होतो, त्यामुळे “आता वास येत नाही” हे सुरक्षिततेचे लक्षण मानू नये. डोळ्यात काही उडाल्यास किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि त्यासाठी नळाला पाणी आहे की नाही, हे बॅच सुरू होण्यापूर्वी स्वतः नळ सोडून पाहावे. लॅब अटेंडंटशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यावी; मुख्य वीजबटण, गॅसचा कॉक आणि प्रथमोपचार पेटीची किल्ली कोठे आहे, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच माहीत नसते.

बॅच संपल्यावर टाकाऊ द्रावणांच्या बाटल्या एकदा पाहाव्यात. नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांच्या बाटलीत गेलेले नाही याची खात्री करावी. उरलेल्या द्रावणांवर नाव, प्रमाणित केल्याची तारीख आणि आपली सही असलेली चिठ्ठी लावावी. खरी नॉर्मॅलिटी सहायकांच्या नोंदवहीत लिहावी. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी आणि तिच्यावर पारदर्शक टेप चिकटवावी, नाहीतर येथील दमट हवेत पुढच्या सोमवारपर्यंत शाई पसरून तारीख वाचता येत नाही.