म्हापसा नदीकाठची खाजने: पावसाआधी बांध आणि मानस बघा

म्हापसा नदी ही मांडवीची छोटी उपनदी. गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या टेकड्यांवर आणि जांभ्याच्या सड्यांवर पडलेला पाऊस घेऊन ती हळदोणे, खोर्जुवे, पोंबुर्फा अशा गावांजवळून सरकते आणि चोडणच्या समोर मांडवीला मिळते. पात्राला उतार फारच कमी असल्याने भरतीचे खारे पाणी आत दूरवर शिरते. काठाला चिखल आणि खारफुटी, त्यामागे बांध आणि बांधाआड समुद्राच्या भरतीपेक्षाही खालच्या पातळीवरची आपली भातशेती, म्हणजेच खाजन. त्यामुळे मे महिन्यातले पहिले काम बियाण्याचे नाही, बांधाचे आहे.

पूर्ण ओहोटीच्या वेळी नदीकडच्या बाजूने बांधावरून चालत जा. खेकड्यांची बिळे याच वेळी दिसतात. बोटभर बिळातून पाणी झिरपू लागले की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथेच खांड पडते, आणि खांड एकाच्या शेतापुरती राहत नाही. बिळे नुसती वरून लिंपू नका. खणून चिकण चिखलाने ठासून भरा. बाहेरची खारफुटी मात्र तोडू नका, लाटेचा मार तीच झेलते.

मग मानस, म्हणजे बांधातले पाणी आत-बाहेर सोडणारे दार. तिच्या फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटल्या पाहिजेत आणि ओहोटीला उघडल्या पाहिजेत. फळी कुजली असेल, फटीत प्लास्टिक किंवा ओंडका अडकला असेल, तर खारे पाणी रोज दोनदा आत येते. मासळीसाठी मानस मुद्दाम उघडी ठेवण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. मासळीचा लिलाव करणाऱ्या कूळसंघांनी (कुळांच्या संघटनांनी) ठेकेदाराला स्पष्ट सांगावे: भाताच्या हंगामात मानस भातासाठीच चालेल. या बाबतीत मऊपणा दाखवला की नुकसान आपलेच.

पेरणीची घाई नको. पहिल्या दमदार सरींचे पाणी शेतात कोंडून ठेवा, नांगरलेल्या ढेकळांतले मीठ त्यात उतरू द्या आणि ओहोटीला ते पाणी मानसीतून सोडा. असे दोन-तीनदा करा. माती तपासून घेता आली तर उत्तम. क्षारता 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचे उत्पादन घटू लागते.

म्हणून खाजनात ज्योती ही भाताची जात नको. ती खेरात, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून दूरच्या शेतात, ठीक आहे. इथे कोरगुट ही पारंपरिक जात किंवा तिच्यातून निवडलेल्या गोवा धान 1 आणि 2 यांसारख्या क्षार सोसणाऱ्या जाती घ्या. जुन्या गोव्यातील एला येथील आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्रात बियाण्याची चौकशी करा. बी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगणारे पोचट दाणे काढा, उरलेले स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, भिजवून मोड आणा आणि चिखलणी केलेल्या शेतात फेका.

जुलैत मोठा पाऊस आणि उधाण एकत्र आले की मानस बराच वेळ मिटलेली राहते आणि शेत तुंबते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवा, आणि जोराचा पाऊस अपेक्षित असेल तर आदल्या ओहोटीलाच शेत आणि मानसीजवळची पोंय (पाणी साठणारा खोलगट भाग) रिकामी करून घ्या. युरियाचा हप्ता त्या आठवड्यात टाकू नका, तो सरळ नदीत जाईल.