स्प्रिंग सिक्युरिटीत ऑथेंटिकेशनची एक्सेप्शन्स नीट कशी हाताळावीत

टोकनची (लॉगिननंतर ओळख म्हणून मिळणाऱ्या खुणेची) मुदत संपली की मोबाइल ॲपला ५०० (सर्व्हरमधली चूक) मिळतो. टोकन पाठवलेच नाही तर ४०३ (परवानगी नाही). डेटाबेस बंद पडला की सगळ्यांना ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदेश जातो. तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकच: कोणते एक्सेप्शन (कोड चालताना उद्भवलेली चूक) कुठे फेकले जाते आणि ते कोण झेलते, हे ठरवलेलेच नसते. पुढच्या पायऱ्या स्प्रिंग बूट ३ (जावा ॲप्लिकेशन बांधण्याचे फ्रेमवर्क) आणि स्प्रिंग सिक्युरिटी ६ (त्यातला लॉगिन व परवानग्या सांभाळणारा भाग) धरून दिल्या आहेत.

१. आधी साखळी समजून घ्या

विनंती कंट्रोलरपर्यंत पोहोचण्याआधी सिक्युरिटी फिल्टरच्या साखळीतून जाते. त्यामुळे ‘कंट्रोलर ॲडव्हाइस’मध्ये (कंट्रोलरमधली एक्सेप्शन्स एकत्र झेलणाऱ्या क्लासमध्ये) कितीही हँडलर लिहिले, तरी फिल्टरमध्ये फेकलेले एक्सेप्शन तिथे पोहोचत नाही. ते झेलायला ‘एक्सेप्शन ट्रान्सलेशन फिल्टर’ असतो. पण तोही फक्त आपल्यानंतर चालणाऱ्या कोडमधली एक्सेप्शन्स झेलतो. जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) तपासणारा फिल्टर आपण सहसा ‘युजरनेम पासवर्ड ऑथेंटिकेशन फिल्टर’च्या आधी लावतो, म्हणजे तो या झेलणाऱ्याच्याही आधी चालतो. त्याने फेकलेले एक्सेप्शन थेट सर्व्हरपर्यंत जाते आणि ५०० होते.

२. स्वतःचा एन्ट्री पॉइंट लिहा

फॉर्म लॉगिन किंवा बेसिक ऑथेंटिकेशन चालू नसेल आणि एन्ट्री पॉइंटही (ओळख न पटलेल्याला उत्तर देणारा कोड) दिला नसेल, तर स्प्रिंग सिक्युरिटी लॉगिन न केलेल्यालाही ४०३ देते. ओळखच पटलेली नसेल तर उत्तर ४०१ हवे. ४०३ म्हणजे ओळख पटली आहे, पण परवानगी नाही.

‘ऑथेंटिकेशन एन्ट्री पॉइंट’ हा इंटरफेस इम्प्लिमेंट करा आणि त्याच्या ‘कमेन्स’ मेथडमध्ये याच क्रमाने लिहा: रिस्पॉन्स आधीच कमिट झाला असेल तर परत फिरा; स्टेटस ४०१ ठेवा; ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हेडरमध्ये ‘बेअरर’ लिहा; कंटेंट टाइप जेसन ठेवा; कॅरॅक्टर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा; आणि मगच रायटर मागून मजकूर लिहा. एन्कोडिंग रायटरनंतर बदलले तर उपयोग होत नाही. सर्व्हलेटचे मूळ एन्कोडिंग आयएसओ-८८५९-१ आहे, त्यात देवनागरी बसत नाही, आणि ‘कृपया पुन्हा लॉगिन करा’च्या जागी वापरकर्त्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसते. हेडरमध्ये ‘बेसिक’ मात्र लिहू नका. ब्राउझर स्वतःची लॉगिन खिडकी उघडतो.

४०३ साठी ‘ॲक्सेस डिनाइड हँडलर’ वेगळा द्या. दोन्ही ‘एक्सेप्शन हँडलिंग’ या कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवा.

३. टोकन फिल्टरमधला ट्राय ब्लॉक छोटा ठेवा

सर्वाधिक घोळ इथेच होतो. ट्रायच्या आत फक्त टोकन वाचणे, पडताळणे आणि सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट (चालू वापरकर्त्याची ओळख ठेवण्याची जागा) भरणे एवढेच असावे. साखळी पुढे नेणारी ‘डू फिल्टर’ची ओळ ट्रायच्या बाहेर ठेवा. ती आत राहिली आणि कॅच ब्लॉक ‘एक्सेप्शन’ झेलणारा असला, तर पुढे सर्व्हिसमध्ये आलेला नल पॉइंटरसुद्धा ४०१ म्हणून बाहेर जातो. मग बग शोधणारा माणूस टोकन तपासत बसतो.

कॅचमध्ये चार गोष्टी करा: कॉन्टेक्स्ट रिकामा करा, लायब्ररीचे एक्सेप्शन ‘बॅड क्रेडेन्शियल्स एक्सेप्शन’मध्ये गुंडाळा, एन्ट्री पॉइंटची ‘कमेन्स’ स्वतः बोलवा आणि रिटर्न करा. गुंडाळावे लागते, कारण जेजेडब्ल्यूटी या जेडब्ल्यूटी हाताळणाऱ्या लायब्ररीचे ‘एक्सपायर्ड जेडब्ल्यूटी एक्सेप्शन’ स्प्रिंगच्या ऑथेंटिकेशन एक्सेप्शनच्या वंशातले नाही. टोकनच नसेल तर काही न करता विनंती पुढे जाऊ द्या. सार्वजनिक पत्ते त्यामुळेच चालतात.

फिल्टरवर ‘कंपोनंट’ ॲनोटेशन असेल तर बूट त्याची नोंद सर्व्हलेट कंटेनरमध्येही करतो. जिथे सिक्युरिटीची साखळी लागू नाही, अशा पत्त्यांवरही तो मग चालतो. ‘फिल्टर रजिस्ट्रेशन बीन’ बनवून ही दुसरी नोंद बंद करा.

४. चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहून उत्तर द्या

नाव चुकले किंवा पासवर्ड चुकला, बाहेर संदेश एकच. ‘डाओ ऑथेंटिकेशन प्रोव्हायडर’ (नाव आणि पासवर्ड तपासणारा स्प्रिंगचा क्लास) वापरकर्ता न सापडल्याचे मुळातच लपवतो. ते सेटिंग बंद करू नका. लॉक केलेल्या किंवा बंद खात्याचे एक्सेप्शन मात्र पासवर्ड बरोबर आहे की नाही हे न पाहताच फेकले जाते. म्हणजे ‘खाते लॉक आहे’ असे सांगितले, की पासवर्ड माहीत नसलेल्यालाही खाते असल्याचे कळते. इथेही सर्वसाधारण संदेशच द्या आणि खरे कारण लॉगमध्ये लिहा. लॉगमध्ये पासवर्ड किंवा पूर्ण टोकन कधीही नको.

डेटाबेस बंद असताना येते ‘इंटर्नल ऑथेंटिकेशन सर्व्हिस एक्सेप्शन’. त्याला ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) द्या. ४०१ दिला तर लोक पासवर्ड बदलायला धावतात, आणि चुकलेल्या प्रयत्नांची मोजणी त्याच हँडलरमध्ये असेल तर निरपराध खाती लॉक होतात. फॉर्म लॉगिन असेल तर हा फरक ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर हँडलर’मध्ये करा. लॉगिन तुमच्याच रेस्ट कंट्रोलरमध्ये असेल, तर एक्सेप्शन कंट्रोलरमधूनच येते, म्हणून तिथे कंट्रोलर ॲडव्हाइस योग्य.

५. सर्वभक्षी हँडलरला आवर घाला

कंट्रोलर ॲडव्हाइसमध्ये सरसकट ‘एक्सेप्शन’ झेलणारा हँडलर असेल, तर ‘प्रीऑथराइज’मधून (मेथडवर परवानगी तपासणाऱ्या ॲनोटेशनमधून) आलेला ४०३ तो गिळतो आणि ५०० देतो. ‘ॲक्सेस डिनाइड एक्सेप्शन’साठी वेगळी मेथड लिहून तेच एक्सेप्शन पुन्हा फेका, सिक्युरिटीची साखळी पुढचे पाहून घेते.

६. ‘/एरर’चा सापळा

सर्व्हरवरची चूक बूट ‘/एरर’ या पत्त्याकडे वळवतो, आणि स्प्रिंग सिक्युरिटी ६ मध्ये परवानगीचे नियम त्या वळणालाही लागतात. तो पत्ता बंद असेल, तर लॉगिन न केलेल्याला खऱ्या ५०० किंवा ४०४ च्या जागी ४०१ दिसतो. ‘डिस्पॅचर टाइप एरर’ला ‘परमिट ऑल’ द्या.

७. तपासणी

टोकन नाही, बिघडवलेले टोकन, मुदत संपलेले टोकन: तिन्हींना ४०१. वैध टोकन पण भूमिका अपुरी: ४०३. डेटाबेस बंद असताना लॉगिन: ५०३. सार्वजनिक पत्त्यावर मुद्दाम फेकलेले रनटाइम एक्सेप्शन: ५००. ही शेवटची चाचणी मॉकएमव्हीसीने (खरा सर्व्हर न चालवता विनंती तपासणाऱ्या साधनाने) करू नका; त्यात ‘/एरर’कडचे वळण होतच नाही. ॲप्लिकेशन रँडम पोर्टवर खरोखर चालवून ‘टेस्ट रेस्ट टेम्प्लेट’ने विनंती पाठवा, आणि स्टेटसबरोबर हेडर व मराठी मजकूरही जुळवून पाहा.