गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

गाडीवरून पडून नाहीतर बाथरूममध्ये घसरून गुडघा आपटला आणि वाटी फुटली की घरातले पहिलं हेच विचारतात, प्लॅस्टरवर नाही का भागणार? कधीकधी भागतं, तुकडे जागेवर असतील आणि पेशंटला पाय सरळ ठेवून स्वतः उचलता येत असेल तर. पण मांडीचा मोठा स्नायू वरचा तुकडा सतत वर खेचत असतो, त्यामुळे मध्ये २-३ मिमीच्या वर फट पडली किंवा पाय सरळ उचलताच येईना, तर कितीही प्लॅस्टर घाला, ते तुकडे जवळ येणार नाहीत. अशा वेळी तेल चोळण्यात आणि हाडवैद्याच्या पट्टीत आठवडे घालवू नका, स्नायू आखडून बसतो आणि तेच ऑपरेशन नंतर अवघड होतं.

ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा टेन्शन बँड वायरिंग करतात. दोन के-वायर (स्टीलच्या बारीक, सरळ सळया) वाटीतून उभ्या घालायच्या आणि पुढच्या बाजूने स्टीलची तार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आवळायची. तार पुढे असते म्हणून गुडघा वाकवला की स्नायूची ओढ उलट तुकड्यांच्या मागच्या, सांध्याकडच्या बाजू एकमेकांवर दाबते. म्हणूनच फिक्सेशन, म्हणजे तुकड्यांची ही बांधणी, पक्कं असलं तर डॉक्टर गुडघा लवकर हलवायला सांगतात, पण घरचे मात्र "हलवू नको, तार तुटेल" म्हणत महिनोन्महिने पाय तसाच ठेवायला लावतात आणि गुडघा जाम होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं हो, दुखणं कमी होतं, पण गुडघा किंचित वाकलेलाच राहतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही, माणूस लंगडायला लागतो. उशी काढा, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा आणि मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. हा व्यायाम बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासूनच सांगतात, आणि कंटाळून तोच सगळ्यात आधी बंद पडतो, मग मांडी बारीक होते.

याच्या उलट घाई करणारेही असतात. एकदम जोर लावून गुडघा वाकवून घेणं, पायाला वजन बांधून व्यायाम करणं, पहिल्या महिन्यातच मांडी घालून जेवायला बसणं किंवा भारतीय संडासात उकिडवं बसणं, यातून तार सैल होऊ शकते. किती अंश वाकवायचं ते सर्जनला विचारूनच ठरवा, साधारण सहा आठवड्यांत ९० अंशांपर्यंत जायचं असं बरेचजण धरून चालतात. ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) लावून, गुडघा सरळ ठेवून वॉकरने चालायला मात्र बऱ्याच जणांना आधीच परवानगी मिळते, त्याला घाबरू नका.

तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. हाड जुळायला आणि जखम भरायला दोन्हीला त्रास होतो, शुगर वाढलेली असेल तर जास्तच.

टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप आला, पोटरी सुजून दुखायला लागली, कालपर्यंत सरळ उचलता येणारा पाय आज उचलेना झाला, तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

पुढे तारेचं टोक कातडीखाली टोचतं, गुडघ्यावर बसलं की खुपतं, हे खूप जणांना होतं. हाड पूर्ण जुळलंय हे एक्स-रेत दिसल्यावर छोट्या ऑपरेशनने तार काढता येते, त्रास नसेल तर ती आत राहिली तरी चालते.