ब्लॉगवर जाहिराती लावताय? मग या चुका टाळा

लोकांचे ब्लॉग तपासून देणं हा माझा निम्मा धंदा आणि निम्मा नाद. हल्ली त्यात एकच रडगाणं ऐकू येतं: जाहिराती लावल्या आणि वाचक गळाले. पान उघडून बघावं तर त्याच त्या चुका, फक्त ब्लॉग वेगळा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की झालं.

कुणी फुकट लिहितंय म्हटल्यावर अधेमधे जाहिरात असायचीच, एवढी समज वाचकाला असते. त्याचा पेशन्स संपतो तो त्याचं काम अडलं की. वाचता वाचता ओळ निसटली, बोट भलत्याच ठिकाणी पडलं, बंद करायची फुली सापडेना, की गडी मागे फिरलाच. बहुतेक जण तक्रारही करत नाहीत. ते सरळ दुसऱ्याचा ब्लॉग उघडतात.

वाचताना पान उड्या मारतं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आणि सगळ्यात सर्रास दिसणारीही.

सायकल दुरुस्तीवर फार छान लिहिणाऱ्या एक बाई आहेत. चेन बदलणं, गिअरची वायर ताणणं, पंक्चर काढणं, सगळं पायरीपायरीने, फोटोंसकट. त्यांच्या लेखांखाली वाचक लिहायला लागले, 'पान हलतं', 'वाचताच येत नाही'. बाईंच्या फोनवर मात्र काहीच हलत नव्हतं. त्यांनी थीम बदलली, फोटो हलके केले, होस्टिंगवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं आणि मग माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "तुम्हाला तुमच्या जाहिराती कुठे कुठे दिसतात?" तर म्हणाल्या, "मला दिसतच नाहीत. प्लगइनमध्ये तशी सोय आहे."

प्लगइन म्हणजे ब्लॉगला जोडायचा छोटा प्रोग्राम. लॉग-इन केलेल्या मालकाला जाहिराती दाखवायच्या नाहीत, ही त्यातली सोय. सोय वाईट नाही, स्वतःच्याच जाहिरातीवर चुकून क्लिक होत नाही. पण तिच्यापायी बाईंनी आपला ब्लॉग वाचकाच्या नजरेने कधी पाहिलाच नव्हता.

मी खासगी विंडोत, म्हणजे जिथे लॉग-इन नसतं तिथे, लेख उघडला आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम मंद केला. मजकूर पटकन आला. 'चेनची पिन टूलने बाहेर ढकला, पण पूर्ण काढू नका' ही ओळ वाचायला लागलो. 'बाहेर ढकला' इथपर्यंत पोचतोय तोच वरच्या दोन परिच्छेदांच्या मध्ये जाहिरात उतरली आणि ओळ स्क्रीनच्या खाली गेली. शोधून पकडली, तोच वर दुसरी जाहिरात उतरली. आता खरा वाचक डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर बसलाय, दोन्ही हात ग्रीसने काळे, फोन भिंतीला टेकवलेला. 'पण पूर्ण काढू नका' त्याला दिसलंच नाही. त्याची पिन कुठे गेली असेल, याचा विचार मी करत नाही.

कारण साधं आहे. मजकूर लगेच येतो, पण कोणती जाहिरात दाखवायची याचा जाहिरातदारांमधला लिलाव त्याच वेळी चालू असतो, त्यामुळे ती मागाहून येते. तिच्यासाठी जागा राखलेली नसेल तर ब्राउझर तो डबा शून्य उंचीचा धरतो. जाहिरात आली की डबा फुगतो आणि खालचं सगळं ढकललं जातं. गूगल हे मोजतं, त्या आकड्याला सीएलएस म्हणतात. ०.१ पर्यंत चांगला, ०.२५च्या वर गेला की वाईट. गूगलच्याच पेजस्पीड इन्साइट्स या साइटवर पानाचा पत्ता टाकला की आकडा मिळतो. मात्र तिथली चाचणी फक्त पान उघडून बघते, खाली सरकवत नाही. स्क्रोल करताना बसणारे धक्के तिच्यात सापडत नाहीत, ते खऱ्या वाचकांच्या आकड्यांत उतरतात आणि तेही उशिरा. म्हणून माझा भरवसा आकड्याआधी अंगठ्यावर. खासगी विंडो, मंद नेट, जुना फोन, आणि लेख सावकाश शेवटपर्यंत वाचायचा. ब्लॉगचा मालक हे करत नसेल तर त्याचं पुढचं काही मी ऐकून घेत नाही.

दुरुस्ती मिनिटांची आहे. जाहिरातीच्या भोवतीच्या डब्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, किमान उंची द्या. ३०० बाय २५०ची जाहिरात असेल तर २५० पिक्सेल, वर 'जाहिरात' असं लेबल असेल तर त्याची उंची धरून. आपोआप आकार बदलणारी जाहिरात असेल तर तिथे नेहमी येणाऱ्यांतली उंच जाहिरात धरा, फोनसाठी वेगळी आणि मोठ्या स्क्रीनसाठी वेगळी. कधी कधी जाहिरात येतच नाही आणि डबा रिकामा राहतो. तो काहींच्या डोळ्यांत खुपतो, मग ते रिकामा डबा मिटवायचा कोड टाकतात आणि पान खालून वर उडी मारायला लागतं. राहू दे ना रिकामा! दोन परिच्छेदांमधल्या पांढऱ्या जागेने आजवर कुणी वाचायचं थांबलेलं नाही.

बाईंच्या ब्लॉगवरच्या तक्रारी थांबल्या. होस्टिंगवाल्याची माफी मागितली की नाही, ते मी विचारलं नाही.

उत्तराआधी जाहिरात

फोनवर लेख उघडला की वर ब्लॉगचं नाव, त्याखाली जाहिरात, त्याखाली भला मोठा फोटो, तळाला चिकटलेली पट्टी. लेखाचं पहिलं वाक्य दोनदा सरकवल्यावर भेटतं. 'सगळ्यात वर लावली की सगळ्यांना दिसते' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पानावर असणं आणि पाहिली जाणं यात फरक आहे. साधी जाहिरात पाहिली गेली असं धरायला तिचे निदान ५० टक्के पिक्सेल सलग १ सेकंद स्क्रीनवर असावे लागतात. माथ्यावरच्या पट्टीवरून अंगठा त्याआधीच पुढे सरकलेला असतो. शिवाय सुरुवातीलाच जाहिरातींचा ढीग असलेल्या पानांना गूगलने २०१२ पासून शोधात खाली ढकलायला सुरुवात केली. जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर शोधातून आलेल्या वाचकाच्या तोंडावर मजकूर झाकणारा पडदा टाकणारेही त्यात आले.

माझी सवय जुनाट आहे. लेख कागदावर छापून घेतो आणि जिथे एक मुद्दा संपून दुसरा सुरू होतो तिथे पेनाने रेघ मारतो. जाहिरात त्या रेघांवरच. त्यातही पहिली रेघ वाचकाच्या प्रश्नाचं थोडं तरी उत्तर देऊन झाल्यानंतरची. मथळा आणि त्याखालचा परिच्छेद यांच्या मध्ये नाही, 'पुढील गोष्टी लागतील' आणि त्या गोष्टींच्या मध्ये नाही, आणि कृतीच्या पायऱ्यांमध्ये तर मुळीच नाही. लोक हसतात कागद बघून. हसू देत.

इथेच ऑटो ॲड्सचं प्रकरण येतं, म्हणजे जाहिरातींच्या जागा यंत्रानेच ठरवायच्या. ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेत, ते चालू करायचं, जाहिरातींच्या संख्येची पट्टी पार टोकाला न्यायची आणि निवांत झोपायचं, ही नवशिक्यांची लाडकी पद्धत. चौथी आणि पाचवी पायरी एका दमात वाचायच्या आहेत हे यंत्राला कुठून कळणार? वापरायचंच असेल तर पट्टी खालच्या टोकाजवळ ठेवा. मजकुराच्या आतल्या जाहिराती बंद करून त्या हाताने लावा, आणि संपर्क, परिचय असली पानं सरळ वगळा. चांगल्या जाहिरातींचे जे निकष क्रोम ब्राउझर पाळतो, त्यांनुसार मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीपैकी ३० टक्क्यांहून जास्त भाग जाहिरातींनी व्यापला तर ते नियमाबाहेर. ९ जुलै २०१९ पासून क्रोमने हे जगभर लागू केलं. जी साइट वारंवार निकष मोडते तिच्या सगळ्याच जाहिराती तो अडवतो, नुसत्या त्रासदायक नव्हे. आणि ३० टक्के ही शेवटची हद्द आहे. लोक ती कोटा समजून भरत बसतात.

बटणाच्या शेजारी जाहिरात

'पीडीएफ डाउनलोड करा' या बटणाला खेटून जाहिरात लावायची, तीही अशी की तिच्यातही 'डाउनलोड' लिहिलेलं असावं. शॉर्टकटवाल्यांचा हा आवडता डाव. "पण क्लिक तर वाढलेत ना?" असं मला एकाने विचारलंही. वाढणारच. फसून झालेली क्लिकसुद्धा मोजताना क्लिकच असते, आधी तरी.

पुढे काय होतं ते बघा. वाचक भलत्याच साइटवर पोचतो, वैतागून मागे येतो किंवा येतच नाही. जाहिरातदाराला त्या क्लिकचा काही उपयोग होत नाही. हे जाहिराती पुरवणाऱ्या नेटवर्कच्या लक्षात येतं आणि महिन्याच्या शेवटी अशा क्लिकचे पैसे कापले जातात. त्याहून बेरकी शिक्षा म्हणजे दुहेरी क्लिक. गूगल तुमच्या जाहिरातींवर एक जादा बटण आणतं, ते मुद्दाम दाबलं तरच क्लिक धरली जाते. ही वेळ आलेले लोक मग 'अचानक कमाई बसली' म्हणून विचारत हिंडतात. अचानक कसली!

बटण, मेनू, पान क्रमांक, मोठा करायचा फोटो, या सगळ्यांपासून जाहिरात निदान अंगठ्याच्या रुंदीइतकी लांब ठेवा. चालता चालता, एका हाताने, नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्या अंगठ्याने पान वापरून बघा. चुकून जाहिरात दाबली जातेय असं वाटलं तर प्रत्यक्ष दाबायच्या आत हात आवरा. जाहिरातीच्या डोक्यावर 'उपयुक्त लिंक' असं लिहिणं ॲडसेन्सच्या नियमात बसत नाही. बसत असतं तरी मी त्याला लबाडीच म्हटलं असतं.

रोज जागा बदलणं

सकाळी जाहिरात डावीकडे, दुपारी कमाई बघितली, संध्याकाळी उजवीकडे. अशाने काहीच कळत नाही. सुट्टीच्या दिवशी वाचक वेगळे, महिनाअखेर दर वेगळे, आणि पडद्यावर दिसणारा आकडा अजून अंदाजाचाच. एका वेळी एकच बदल करा, पूर्ण दोन आठवडे हात लावू नका, मग आधीच्या दोन आठवड्यांशी ताडून बघा. एवढा धीर नसेल तर जाहिरातींच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

आणि ताडताना नुसता आरपीएम, म्हणजे हजार पानांमागची कमाई, बघू नका. समजा आरपीएम १०० होता आणि महिन्याला १०,००० पानं वाचली जात होती. कमाई १,०००. जाहिराती दाटीवाटीने लावल्या, आरपीएम १३० झाला, पेढे वाटले. पण पानं ७,०००वर आली. कमाई ९१०. आरपीएम वर गेलेला दिसतो, म्हणून खड्डा महिनोन्महिने ध्यानात येत नाही. मी आधी परत येणाऱ्या वाचकांचा आकडा बघतो, मग एका भेटीत किती पानं उघडली ते, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

आणखी काही, थोडक्यात

आपोआप आवाज करणारा व्हिडिओ: नाही. लुकलुकणारी जाहिरात: नाही. पॉप-अपचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक, ईथन झुकरमन, यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली, तरी लोक अजून हौसेने लावतात.

पाच-सात लेख झाले की जाहिरातींसाठी अर्ज करणारे म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आधी वाचायला काहीतरी ठेवा.

मित्रमंडळींना 'क्लिक करा रे' सांगू नका. खातं बंद होतं आणि परत मिळवताना नाकीनऊ येतात.

जुगार, झटपट बारीक व्हायची औषधं असल्या जाहिराती तुमच्या लेखात शोभत नसतील तर ॲडसेन्सच्या ब्लॉकिंग कंट्रोल्समध्ये ते वर्ग बंद करता येतात. वाचकाला ती जाहिरात तुम्हीच निवडली असं वाटतं.

पैसे घेऊन लिहिलेल्या लेखाच्या सुरुवातीलाच तसं सांगा, तळाशी बारीक अक्षरांत नको. लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा, गूगलने ती २०१९ मध्ये खास त्यासाठीच आणली.

राहिले जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन वापरणारे वाचक. त्यांच्या तोंडावर 'आधी ते बंद करा, मग वाचा' असा पडदा टाकायची फॅशन आहे. बहुतेक जण ते बंद करत नाहीत, टॅब बंद करतात. मी अशा वाचकांना जाहिरातीच्या रिकाम्या डब्यात एक साधी ओळ दाखवतो: हा ब्लॉग जाहिरातींवर चालतो, जमल्यास इथल्यापुरत्या चालू ठेवा. काही जण ठेवतात. जे ठेवत नाहीत तेही लेख पुढे पाठवतात, आणि ज्यांना तो पोचतो त्या सगळ्यांकडे एक्स्टेंशन नसतं.