विज्ञान-व्याख्यानाची तयारी: पुढच्या संयोजकासाठी

वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याला होणारं विज्ञान-व्याख्यान यंदापासून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहे. सहा वर्षं सांभाळल्यावर नुसतं किल्ल्यांचं जुडगं हातात ठेवून निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

वक्ता मिळणं हा पुण्यातला सगळ्यात सोपा भाग. पाषाणला एनसीएल (रसायनशास्त्राची प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी संस्था) आणि उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. निवृत्त शास्त्रज्ञ तर दर दोन सोसायट्यांमागे एक सापडतो, आणि नीट विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. श्रोत्यांचीही चिंता नको. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला संध्याकाळी खुर्चीवर बसून ऐकायची सवय आहे. अवघड काम वेगळंच आहे. ऐंशी मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत सहावीतल्या मुलीला हात वर करावासा वाटला पाहिजे. पुढची सगळी खटपट त्या एका हातासाठी आहे.

तारीख आधी ठरवा, विषय नंतर. आपला शनिवार तिसरा आहे, कारण दुसऱ्या शनिवारी आयुकात शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असतं आणि आपल्याकडे येणारी अर्धी मुलं तिकडचीच. तो वार बदलू नका. कधी सोडून दुसरा दिवस घ्यायची वेळ आलीच तर गुरुवार टाळा. पाणी आणि वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवायला तोच वार सापडतो. पालखी मुक्कामी असते ते दोन दिवस आणि गणपतीचे दहा दिवस सोडून द्या. भारत-पाकिस्तान सामना असेल तर स्वतःशी खोटं बोलू नका, पुढे ढकला. फेब्रुवारीत दहावी-बारावीवाले येणार नाहीत हे गृहीत धरून सहावी ते नववीच्या मुलांना निरोप पाठवा.

वक्त्याला पत्र नको, फोन करा, आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा. बोलायला चाळीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. भाषा मराठी, पण ओढूनताणून शुद्ध नको. ‘गुरुत्वाकर्षण’ सगळ्यांना कळतं, ‘प्रोटीन’ही कळतं, ‘प्रथिनं’ म्हटलं तरी चालतं. मात्र ‘विद्युतचुंबकीय वर्णपट’ एका दमात आला की मागच्या दोन रांगा मोबाईल काढतात. तिसरी गोष्ट म्हणजे दाखवायला एक तरी वस्तू आणा. चुंबक, दगड, बियाणं, काहीही. पडद्यावरच्या चाळीस चित्रांपेक्षा रांगेतून हातोहात फिरणारा एक बेसॉल्टचा तुकडा जास्त काम करतो, आणि तो तर पुण्यात पायाखालीच आहे. वक्त्याला आणायला-सोडायला माणूस ठेवा. सत्तरीच्या शास्त्रज्ञाला ‘रिक्षानं या, आम्ही पैसे देऊ’ असं सांगणं मला कधीच जमलं नाही.

सभागृहाचं थोडक्यात सांगतो. पश्चिमेच्या दोन खिडक्यांतून सहा वाजता ऊन थेट पडद्यावर येतं. त्यासाठी मांडववाल्याकडून आणलेलं काळं कापड कपाटात खालच्या फळीवर आहे, आणि ते टांगायला स्टूल लागतं (खुर्चीवर चढू नका, मी चढलो होतो). एचडीएमआयची लांब वायर आपली आहे. टाईप-सीचा अडॅप्टर मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी घरी घेऊन जातं, तेव्हा स्वतःचा आणा. कॉर्डलेस माईकचे सेल दरवेळी नवे घाला, ‘मागच्या वेळचे चालतील’ हे वाक्य मनात आलं तरी. पुढे दोन सतरंज्या मुलांसाठी, खुर्च्या त्यांच्या मागे. काही आजी-आजोबा पहिल्या रांगेसाठी हटून बसतात, पण सतरंजीच्या मागची पहिली रांग हीसुद्धा पहिलीच रांग, हे हसून सांगावं लागतं. कार्यक्रम सहाचा असेल तर सहाला सुरू करा. पावणेसहाला येऊन बसलेल्या पुणेकराला पाच मिनिटं थांबवलंत तर तो तुम्हाला ते वर्षभर ऐकवेल.

सत्कार नको. प्रास्ताविक तीन मिनिटं, वक्त्याला एक पुस्तक, बास. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन आणि ‘ज्यांच्याशिवाय हा कार्यक्रम शक्य नव्हता’ यात एकदा आमची पंचवीस मिनिटं गेली. शेवटी कापली गेली ती प्रश्नांची वेळ. त्या दिवशी घरी जाताना एक मुलगा वडिलांना म्हणाला, ‘मला विचारायचं होतं.’ तेव्हापासून आभारप्रदर्शनाचा कागद मी वक्त्याच्या पुस्तकातच ठेवून देतो.

प्रश्नांची तयारी सगळ्यात जास्त करा. दारातच प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि अर्धी पेन्सिल द्या. जे बोलायला लाजतात ते लिहितात. पहिले तीन प्रश्न सतरंजीवरचे, हा नियम व्याख्यान सुरू व्हायच्या आधी जाहीर करा, नंतर केलात तर मोठ्यांना तो अपमान वाटतो. माईक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला एकच गोष्ट बजावा: माईक हातातून सोडायचा नाही. ‘माझा प्रश्न असा नाही, पण दोन शब्द बोलतो’ म्हणणारे गृहस्थ दर महिन्याला असतातच. माईक कार्यकर्त्याच्या हातात असला की दोन शब्दांवर थांबवता येतं. त्यांच्या हातात गेला की ते उपनिषदांपासून सुरू करतात आणि आपल्याला संपेपर्यंत बसावं लागतं. बिचारे वाईट नसतात. त्यांना कुणीतरी ऐकायला हवं असतं, म्हणून मी त्यांना नंतर चहाला वक्त्याशेजारी उभं करतो.

चिठ्ठ्यांची कल्पना माझी नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तरही मिळेल आणि खाली सहीही. सही हवी तर आधी प्रश्न सुचला पाहिजे. यापेक्षा चांगली अट मला तरी माहीत नाही.

आता मैदानातले कार्यक्रम. आकाशदर्शन पावसाळ्यात ठेवू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. चंद्र दाखवायचा तर पौर्णिमा टाळा, सप्तमी-अष्टमी घ्या. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डा हा खड्डा वाटतो. दुर्बीण आणि ती हाताळणारा माणूस ही सोय महिनाभर आधी करा. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून याच कामात आहे, त्यांच्याकडे जाऊन नुसतं ऐकलंत तरी बरंच कळतं. आणि दिवे! एका सोसायटीत आम्ही गुरू लावला, रांगेत साठ मुलं, आणि बरोबर साडेसातला डोक्यावरचा फ्लडलाइट लागला. टायमरवर होता. टायमरचा डबा कुठे आहे ते वॉचमनला माहीत नाही, सेक्रेटरी गावाला. शेवटी एका काकूंनी गॅलरीतून वाळत घालायची काठी आणि चादर दिली आणि दोन मुलांनी ती तासभर दिव्यासमोर धरून ठेवली. गुरूचे चार चंद्र दिसले, पण चादर धरणाऱ्या त्या दोघांना सगळ्यात शेवटी. म्हणून आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर जागेवर जा आणि प्रत्येक दिव्याचं बटण स्वतः बघा.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो, माझ्या आवडीचा, तेव्हा त्यावर जरा रेंगाळतो. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. उत्तरेकडे सरकणारा सूर्य १३ मेच्या सुमारास नेमका आपल्या डोक्यावर येतो, मुंबईला एक-दोन दिवसांनी. परतीच्या वाटेवर जुलैअखेरीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे कुणाचं चालत नाही. भोपाळच्या थोडं वर कर्कवृत्त आहे, त्याच्या उत्तरेला हा दिवस उगवतच नाही. दिल्लीच्या भावंडांना फोन करून सांगायला मुलांना हे फार आवडतं. पुण्यात ती वेळ बाराची नाही, बारा एकतीसच्या आसपासची. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य उशिरा माथ्यावर येतो. सव्वाबाराला मुलं मैदानात हवीत. पांढरा पुठ्ठा, त्यावर उभं ठेवायला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, आणि गवंड्याचा ओळंबा. पाइप जरा कलला तर सावली उरते आणि मुलं विज्ञानाला खोटं ठरवतात. पाणी, टोप्या, आणि सूर्याकडे कुणी बघणार नाही याकडे लक्ष द्यायला दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काही चालत नाही. आपण जमिनीकडे बघायला आलोय, हे आधीच सांगा.

गेल्या वर्षी सावली पाइपच्या बुडाशी गेली तेव्हा एका मुलीनं विचारलं, ‘गेली कुठे? संपली की पायाखाली लपली?’ पाहुणे बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘उडी मार आणि बघ.’ तिनं मारली. मग सगळ्यांनी मारली. जमिनीवर चाळीस गोल सावल्या क्षणभर सुटून पुन्हा पायांना चिकटत होत्या. असं बोलणारा वक्ता सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आपला कार्यक्रम ठेवूच नका. त्या दिवशी संस्था दारं उघडतात, आपण मुलांना घेऊन जायचं. आयुका जवळ आहे. बस ठरवायची ताकद असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, तारांच्या जाळीच्या, त्यामुळे वारा आरपार जातो. बसमध्येच सगळ्यांचे मोबाईल बंद करून घ्या आणि कारणही सांगा: ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी ऐकते त्यांतच मोबाईलच्या लहरीही येतात. आकाशातून येणारी कुजबुज आणि शेजारी वाजणारा ताशा, असं सांगितलं की पुण्याच्या मुलांना पटकन कळतं. सकाळी सहाला निघा. चाकणला वाहतूक अडकतेच.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्या त्याच रात्री वाचा, पाच-सहा निवडा, वक्त्याला फोटो काढून पाठवा. उत्तरं आली की मोठ्या अक्षरात लिहून शुक्रवारपर्यंत वाचनालयाच्या फळ्यावर लावा, प्रश्नाखाली मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता. टाचण्या घरून न्या, तिथल्या कायम संपलेल्या असतात.