वाकड्या जागेचे गुंठे टेपने कसे काढायचे

कोकणात चौकोनी प्लॉट मिळणं म्हणजे नशीबच, एका अंगाला गडगा (दगडी बांध), दुसऱ्या अंगाला व्हाळ (ओढा), आणि उरलेल्या बाजूला शेजाऱ्याची वई (कुंपण), ती दर पावसाळ्यानंतर जराशी इकडे आलेली असते पण तो विषय वेगळा.

गावात बहुतेक जण काय करतात, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेतात आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार. विकणाऱ्याची ही लाडकी पद्धत, कारण जागा अगदी काटकोनी नसेल तर उत्तर नेहमी जास्तच येतं. चार काठ्यांची चौकट बांधून कोपऱ्यातून ढकलून बघा, काठ्या तेवढ्याच राहतात पण आतली जागा कमी होते. म्हणजे नुसत्या चार बाजू मोजून काही कळत नाही, पाचवं माप लागतंच, ते म्हणजे कर्ण.

समजा बाजू ओळीने 52, 56, 39 आणि 63 फूट आहेत. चारही कोपऱ्यांना खुंट्या मारा, जिथे 63 आणि 52 ची बाजू भेटते तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणा, आले 60 फूट. आता जागेचे दोन त्रिकोण झाले. पहिला 52, 56, 60. तिन्हींची बेरीज 168, निम्मी 84. या 84 मधून एकेक बाजू वजा करा, 32, 28, 24 येतात. 84 × 32 × 28 × 24 करून मोबाईलवर वर्गमूळ घ्या, 1344 चौरस फूट. दुसरा 60, 39, 63, त्याचे तसेच 1134. एकूण 2478, आणि गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे साधारण सव्वादोन गुंठे. सरासरीवाल्या पद्धतीने हेच 2707 येतात, जवळपास अडीच गुंठे! पाव गुंठ्याला थोडं कमी, पण रस्त्याकडेच्या जागेत तेवढ्याचे पैसे किती होतात ते तुम्हीच बघा.

उतार असेल तर टेप जमिनीवर लोळवायचा नाही. कागदावरचं क्षेत्र सपाट धरलेलं असतं, त्यामुळे 50 फूट उतारात 14 फूट चढ असेल तर धरायचे 48 च. टेप आडवा लेव्हलमध्ये धरा, टोकाला ओळंबा सोडा, तिथे खुंटी, मग पुढचा टप्पा, पायऱ्या उतरल्यासारखं. दोन माणसं लागतात, आणि टेप सैल सोडू नका.

व्हाळाकडची वळणदार कड मात्र त्रिकोणात बसत नाही. तिथे सरळ सुतळी बांधा, दर 10 फुटांवर सुतळीपासून कडेपर्यंत काटकोनात मोजा, लागोपाठच्या दोन मापांची सरासरी गुणिले 10, अशा सगळ्या पट्ट्यांची बेरीज. कड जास्तच नागमोडी असेल तर 5 फुटांवर मोजा.

मग सातबारा काढून ताडून बघा. त्यावर गुंठे नसतात, हेक्टर, आर, चौरस मीटर असतं, 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे 101.17. वरची जागा 230 चौरस मीटर भरते, म्हणजे उताऱ्यावर 0.02.30 असं काहीतरी दिसायला हवं. फार फरक निघाला तर शेजाऱ्याशी हुज्जत घालण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दीच्या वादात आपला टेप कोणी धरत नाही.